पाच हजारांखालची सायकल

सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळ्यासारख्या गावात सायकल म्हणजे कुणाची शाळा, कुणाची मजुरी. कायद्याच्या लेखी मात्र आता तिची आधी किंमत पाहिली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यांत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र ठरली. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. जुन्या कायद्यातील चोरीच्या कलम ३७९ला अशी अट नव्हती. दोन पावसाळे पाहिलेली सायकल, मग ती सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलीला मिळालेली का असेना, बहुधा या रेषेखालीच येणार. मोटारसायकलवाल्याच्या चोरीचा तपास, पायडल मारणाऱ्याच्या चोरीची नुसती नोंद! ही मर्यादा सरकारने फेरविचारात घ्यावी.

तोवर आपणच सावध राहायचे. मागच्या चाकाचे कुलूप फक्त चाक अडवते. उचलून नेणाऱ्याला ते काय अडवणार? साखळी फ्रेममधून ओवून खांबाला बांधावी. फ्रेमवर कोरलेला क्रमांक पावतीवर उतरवून ठेवावा. सापडलेली सायकल आपलीच, हे दाखवायला तोच कामी येतो (कुणी तो खरवडला नसेल तर). ग्रामपंचायतीने बसथांब्याजवळ, वर्दळीच्या जागी, चार लोखंडी दांडे रोवले तरी पुष्कळ झाले. त्याला फार मोठा निधी लागत नाही.