मातीची पत्रिका कोणीं वाचावी?

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी ज्येष्ठ वद्यांत विश्रांतवाडीवरून पुण्यांत शिरते. वऱ्हाड-मराठवाड्यांत कपाशी-सोयाबीनच्या पेरण्यांची घाईही त्याच सुमारास असते. दिंडींतील शेतकरी बंधूंस आम्ही येथें विचारतों, "यंदा खत कोणतें?" बहुतेकांचें उत्तर एकच : युरिया. माती तपासलीत काय, असें विचारावें तर म्हणतात, "पत्रिका आली आहे, गुरुजी, पण ती वाचतां कोणास येते?"

लग्नाची पत्रिका जोशीबुवांनीं वाचावी व आपण दक्षिणा द्यावी, ह्या परावलंबनाविरुद्ध सत्यशोधक समाज १८७३ पासून झगडला. आज मातीची पत्रिका दुकानदारानें वाचावी व आपण गोणीचे पैसे मोजावे, हा नवा जोशीपणा नव्हे काय?

२०१५ सालीं सुरू झालेल्या ह्या पत्रिकेंत बारा बाबी असतात. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश आहेत. तसेच गंधक, जस्त, लोह आणि सेंद्रिय कर्बही आहे. मोट एका जागीं फाटली कीं पाणी त्या भोकापर्यंतच राहतें. वर कितीही ओता. पिकाचेंही तसेंच आहे. जें अन्न सर्वांत कमी, त्यावरच पीक अडतें. जस्त कमी असतां युरियाची दुसरी गोणी टाकल्यानें कपाशीचा पाला माजतो, मावा-तुडतुड्यांस मेजवानी होते, आणि बोंडें होतीं तेवढींच राहतात.

सोयाबीन मुळांच्या गांठींत हवेंतील नत्र धरतें, म्हणून जमीन आपोआप सुधारते, हा समजही अर्धाच खरा आहे. दहा क्विंटल दाण्यांतून सुमारें ६० किलो नत्र शेताबाहेर जातें. त्यांतील कांहीं हवेंतून मिळालें, तरी उरलेलें मातीचें. आणि स्फुरद, पालाश, गंधक तर सर्वच मातीचें. कपाशीचा धागा बहुतांशीं हवा-पाण्याचा बनतो. जमिनीचें सत्त्व सरकींत जातें. पूर्वीं सरकी गुरांच्या पोटांतून शेण होऊन शेतांत परत येई. आतां सरकी विकली जाते, गुरें घटलीं, पऱ्हाटी पेटविली जाते. मग कर्ब राहणार कोठून?

सारा दोष शेतकऱ्याच्या माथीं मारणें मात्र अन्याय होईल. २०१० मध्यें सरकारनें इतर खतांच्या अनुदानाची रीत बदलली, पण युरिया वेगळा ठेवला. त्याचा भाव बांधलेला राहिला व इतर खतें महागलीं. गरिबानें स्वस्त गोणी उचलली, तर त्यांत त्याचा काय अपराध?

ज्योतीरावांनीं १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्यें शेतांत बंधारे घालून मातीचें सत्त्व राखण्याची योजना मांडली होती, आणि शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा आग्रहही धरला होता. ह्या दोन गोष्टी एकच आहेत, हें आम्ही विसरलों.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक खेड्यांतील शाळेंत सातवीच्या मुलांना गांवच्या पत्रिका वाचावयास शिकवावें. उन्हाळ्यांत, खत घालण्यापूर्वीं, शेतांत आठ-दहा ठिकाणीं वीतभर खोल खड्डे घेऊन मातीचा नमुना कसा काढावा, हें त्यांच्याकडून करून घ्यावें. शेकडेवारी आम्ही फळ्यावर शिकवितोंच; ती बापाच्या शेतावर लावली तर कोणता धर्म बुडेल? सरकारनेंही पत्रिका वाटून हात झटकूं नयेत. जस्त-गंधकही गरिबाच्या आवांक्यांत आणावें.

बंधूंनो, कुंडली न वाचतां आल्यानें कोणाचें कांहीं अडलें नाहीं. ही पत्रिका मात्र ज्याला वाचतां येत नाहीं, त्याचें शेत दुसराच कोणी पिकवून खातो.