शिरस्त्राण आणि शिरजोरी

मृग लागला की राधानगरी-गगनबावड्याकडून काळे ढग आपल्या शहरावर चालून येतात, लक्ष्मीपुरीतील दुकानांच्या दारांत रेनकोट टांगले जातात, आणि पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर आहे हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबर घरोघरी विचारला जाऊ लागतो. नदीच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर आता पुरते सावध झालो आहोत. एकोणचाळीस फुटांवर इशारा आणि त्रेचाळीस फुटांवर धोका, हे आकडे येथील शाळकरी मुलासही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी तो धडा आपणांस फार कठोरपणे शिकविला. परंतु त्याच पावसात हजारो माणसे रोज दुचाकीवर बसून घराबाहेर पडतात. त्यांच्या धोक्याची पातळी कोणत्या बंधाऱ्यावर मोजावयाची? महापूर काही वर्षांनी एकदा येतो. हा दुसरा धोका रोजचा आहे, आणि रोजचा असल्यामुळेच तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

ही माणसे हौसेखातर भिजत नाहीत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारा कामगार, दुधाच्या किटल्या लावून पहाटे शहराकडे येणारा शेतकरी, विद्यापीठाकडे निघालेली विद्यार्थिनी, गगनबावड्याच्या वाटेवरील खेड्यात शिकवावयास जाणारा शिक्षक, या साऱ्यांची दुचाकी ही गरज आहे. त्यांतही कामगाराचे उदाहरण विशेष विचार करावयास लावणारे आहे. ओतशाळेत वितळलेले लोखंड साच्यात ओतताना तो जाड बूट घालतो, हातमोजे चढवितो, डोळ्यांवर चष्मा लावतो. तसे न केल्यास मुकादम त्यास भट्टीजवळ उभा करीत नाही. पाळी संपल्याचा भोंगा होतो, आणि हाच मनुष्य ते सारे खुंटीस अडकवून, पायांत चपला सरकवून, उघड्या डोक्याने पुणे-बंगळूर महामार्गावर मालमोटारींच्या रांगेत शिरतो. भट्टीतल्या लोखंडापेक्षा धावत्या मालमोटारीचे चाक दयाळू असते काय?

केंद्र सरकारच्याच अहवालातील आकडे पाहावे. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ इतकी भरली, आणि त्यांत १४,३३७ जण पाठीमागे बसलेले होते. हा शेवटचा आकडा वाचकांनी पुन्हा एकवार वाचावा. चालविणाऱ्याने हेल्मेट घालावे आणि मागे बसलेल्या पत्नीने, आईने वा मित्राने उघड्या डोक्याने बसावे, ही आपली जी नित्याची रीत, तिची ही किंमत आहे.

हेल्मेटचा विचार शास्त्राच्या कसोटीवर उतरला त्यास आता कित्येक दशके लोटली. अरबस्तानातील पराक्रमामुळे जगप्रसिद्ध झालेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स हा १९३५ च्या मे महिन्यात मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याच्या जखमेने सहा दिवसांनी मृत्यू पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यवैद्य होता. पुढे केर्न्सने लष्करी मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला, १९४१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांस हेल्मेट अनिवार्य केले. २००८ साली जगभरातील अनेक पाहण्या एकत्र करून तपासण्यात आल्या, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा संभव सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा संभव सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो असे दिसून आले. गावातल्या गावात हेल्मेट कशास, असे विचारणाऱ्यांनी एक साधे गणित करून पाहावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने डोके जर थेट भिंतीवर आदळले, तर तो आघात सुमारे वीस फुटांवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून, डोक्यावर पडण्याइतका असतो. राजारामपुरीतील गच्ची आणि महामार्गावरील गच्ची यांत फरक तो काय?

इतके असूनही हेल्मेटची सक्ती हा शब्द उच्चारताच आपल्याकडे निषेधाच्या सभा भरतात. पुण्यात २०१९ च्या आरंभी सक्तीची अंमलबजावणी सुरू होताच तेथील विरोधकांनी हेल्मेटची प्रेतयात्राही काढली. कोल्हापूरही या बाबतीत मागे राहणारे नव्हे. येथील जनता कोणाचे जोखड सहज मानेवर घेत नाही, याचा आम्हांस अभिमानच आहे. टोलविरुद्ध या शहराने दीर्घ लढा दिला आणि २०१५ च्या अखेरीस शासनास तो टोल रद्द करणे भाग पाडले. परंतु टोल हा आपल्या खिशातून दुसऱ्याच्या तिजोरीत जाणारा पैसा होता. हेल्मेटने कोणाची तिजोरी भरते? ज्याचे डोके त्याचेच वाचते. अन्यायाविरुद्ध मान ताठ ठेवणे हा स्वाभिमान होय. मान ताठ ठेवण्यासाठी डोकेच पणास लावणे ही शिरजोरी होय. या दोहोंतील भेद कोल्हापूरच्या सुज्ञ नागरिकांस सांगावयास हवा असे नाही.

आधी खड्डे बुजवा आणि मग हेल्मेटच्या गोष्टी बोला, असाही एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यातील संताप रास्त आहे, तर्क मात्र उलटा आहे. रस्ता वाईट म्हणून तर डोके अधिक जपावयाचे! पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे दुचाकीस्वारास दिसत नाही, आणि तो कळतो तेव्हा स्वार हवेत असतो. खड्ड्याबद्दल नगरशासनास जाब विचारावा, अवश्य विचारावा; पण तो विचारण्यास आपण शुद्धीवर असले पाहिजे.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमान्वये चालविणारा आणि मागे बसणारा या दोघांसही हेल्मेट बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलेही त्यात आली. कायद्यातील दंड एक हजार रुपये आहे, आणि परवाना तीन महिने अपात्र ठरविण्याचीही तरतूद आहे. चार वर्षांखालील मुलास चालविणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा व लहान हेल्मेट असावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नसावा, असा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. टाकीवर पुढे बसविलेले, रेनकोटाच्या घडीत गुंडाळलेले लेकरू आपण रोज पाहतो. त्या लेकराचे संरक्षण करणारा नियम देशात आहे, याची वार्ता तरी किती आईबापांस आहे?

तथापि दंड चुकविण्यापुरते हेल्मेट घेणे म्हणजे स्वतःस फसविणे होय. रस्त्याच्या कडेस दोन-तीनशे रुपयांस मिळणारी टोपी पोलिसाचे समाधान करील, दगडाचे करणार नाही. हेल्मेटचे खरे काम वरच्या रंगीत कवचात नसून आतील थर्माकोलसारख्या जाड अस्तरात असते. ते अस्तर स्वतः चिरडले जाऊन आघात शोषून घेते आणि मेंदूस वाचविते. म्हणून एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ४१५१ ची आय. एस. आय. खूण नसलेले हेल्मेट विकणे हाच गुन्हा आहे. त्या खुणेसोबत छापलेला परवाना क्रमांक मानक ब्यूरोच्या मोबाईलवरील ॲपमध्ये घालून ती खरी की खोटी हे कोणासही पाहता येते. भुवयांच्या वरून फीत फिरवून डोक्याचे माप घ्यावे. हेल्मेट घट्ट बसावे, टोचू नये. मान हलविली असता ते डोक्यावर फिरू नये. हनुवटीचा पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना स्वाराच्या आधी रस्ता गाठते. आणि पावसाळ्यासाठी काच स्वच्छ, बिनरंगी व न ओरखडलेली असावी, कारण रात्रीच्या पावसात काळी काच म्हणजे डोळ्यांवर बांधलेली पट्टीच होय.

आता रेनकोटाकडे वळू. आपल्या पूर्वजांनी पावसाचा विचार आपल्याहून बारकाईने केला होता, असे म्हणावेसे वाटते. भातलावणीच्या बाईने बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले पाठीवर घेतले ते वाकून काम करता यावे म्हणून; धनगराने घोंगडे घेतले ते भिजल्यावरही लोकर ऊब देते म्हणून. कामाकडे पाहून साधन निवडण्याची ही दृष्टी आपण दुचाकी घेताना गमावली. पायी चालणाऱ्याचा लांब, घोळदार रेनकोट दुचाकीवर वाऱ्याने फडफडतो, चाकात वा साखळीत अडकू शकतो. दुचाकीसाठी अंगरखा आणि विजार असे दोन भाग हवेत, मनगटाशी व गळ्याशी ते आवळता यावेत, चेनवर झडप असावी. कापड कितीही चांगले असले तरी पाणी शिवणीच्या भोकांतून आत येते. म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटविली आहे की नाही हे दुकानातच उलटून पाहावे. जाड प्लॅस्टिकचा कोट स्वस्त पडतो, पाणीही अडवितो, पण घाम आत कोंडतो आणि दुमडून दुमडून भेगाळतो. लेप दिलेले नायलॉनचे कापड हलके आणि अधिक सोयीचे. रंगाच्या बाबतीत तर आपली निवड अगदीच उफराटी. मळकट होत नाही म्हणून आपण काळा वा गडद निळा कोट घेतो, आणि धुवाधार पावसात मालमोटारीच्या चालकास तो दिसतच नाही. पिवळा, नारिंगी, आणि पाठीवर उजेड परतविणारी पट्टी असलेला कोट घ्यावा. कोरडे राहणे ही केवळ सुखाची बाब नव्हे. गारठलेली बोटे ब्रेकवर उशिरा आवळतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आधीच अधिक अंतर लागते.

कोल्हापुरी चपलेवर आमचे कोणाहून कमी प्रेम नाही. पण पापाच्या तिकटीवरील तो अलंकार पावसास आणि गिअरच्या पायटीस मानवत नाही. पाणी लागून चपलेचे आयुष्य सरते, आणि अंगठा उघडा राहिल्याने पायाचे. दुचाकीवर घोटा झाकणारे, न घसरणाऱ्या तळाचे बूट असावेत. पडताना मनुष्य प्रथम हात टेकतो, म्हणून हातमोजे असावेत. ज्यांस परवडते त्यांनी खांदे, कोपर व पाठ यांस कवच असलेले जाकीट अवश्य घ्यावे. ज्यांस परवडत नाही त्यांनी निदान जाड कापडाची पूर्ण बाह्यांची बंडी घालावी. मागे बसणाऱ्या भगिनींनी पदर व ओढणी खोचून घ्यावी आणि चालत्या गाडीवर छत्री मुळीच उघडू नये. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी नियमाने सक्तीची आहे. दिखाऊपणासाठी ती काढून टाकणारे तरुण आपल्याच आईबहिणीचा जीव धोक्यात घालतात.

हा सारा उपदेश गरिबाच्या खिशाकडे न पाहता केला, असा आक्षेप आमच्यावर येईल. म्हणूनच आम्ही इतरांसही त्यांच्या कर्तव्याची आठवण देतो. नवी दुचाकी विकताना मानकाप्रमाणे हेल्मेट देण्याचे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ व्या नियमात आहे. ग्राहकाने ते हक्काने मागावे आणि परिवहन खात्याने ते दिले जाते की नाही हे पाहावे. कारखानदारांनी कामगारांस चांगला रेनकोट आणि बूट पावसाळ्यापूर्वी द्यावेत, वा त्यांची किंमत पगारातून सोयीच्या हप्त्यांनी घ्यावी. दिवाळीच्या मिठाईहून ही भेट अधिक दिवस टिकेल. पोलिसांनी चौकात स्वारास अडविण्यापूर्वी बनावट हेल्मेटे विकणाऱ्यास अडवावे, कारण कायदा पाळू इच्छिणाऱ्यास खोटा माल मिळणे यासारखी कायद्याची दुसरी विटंबना नाही. आणि नगरशासनाने खड्डे बुजवावेत. नागरिकांनी हेल्मेट घातले म्हणून ते ऋण फिटत नाही.

कोल्हापूर हे पैलवानांचे गाव. खासबागेच्या मैदानात उतरणारा मल्ल भित्रा असतो, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? तरीही तालमीत उतरण्यापूर्वी तो लांग कसून बांधतो, आणि आखाड्याची तांबडी माती वस्ताद हळद, तेल, ताक घालून दिवसचे दिवस मऊ करवितो. पडणे हा कुस्तीचा भाग आहे हे ज्यास ठाऊक असते, तोच पडण्याची तयारी आधी करतो. यात भीती नाही, विद्या आहे. रस्त्यावरही पडण्याचा प्रसंग कोणावर येईल हे सांगता येत नाही. आणि तेथील डांबरात कोणी ताक-तेल मुरवून ठेवलेले नाही. उद्या सकाळी पाऊस असेल. गाडीची किल्ली हातात घेण्यापूर्वी आमच्या वाचकांनी दोन हेल्मेटे हातात घ्यावीत, एक स्वतःसाठी आणि एक मागे बसणाऱ्यासाठी, एवढीच आमची विनंती आहे.