कॅमेऱ्यापुढे काठी, कॅमेऱ्यामागे कोण?

काठीची राजवाडी होळी १२४६ सालापासून चालत आली आहे, असे सांगतात. सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या या गावी होळीच्या रात्री हजारो आदिवासी जमतात, रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. अलीकडे तिथे कॅमेऱ्यांचीही तितकीच गर्दी असते. मोरपिसांचे टोप, कमरेला बांधलेले भोपळे, बायांच्या अंगावरची चांदी, सगळे टिपले जाते. जिचा चेहरा टिपला तिचे नाव कोणी विचारत नाही. ते चित्र पुढे कुठे लागले, कोणाला त्याचे पैसे मिळाले, हे तिच्या कानावरही येत नाही.

याच काठीतली एखादी मुलगी पदवी घेऊन म्हणाली, "मला सिनेमा शिकायचा आहे", तर काय होते? या परिसरातल्या मुलींचे पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरायला मी बसते. त्या अनुभवावरून सांगते: तिची गुणवत्ता तपासण्याची वेळ येण्याआधीच तिची वाट बंद झालेली असते. ती बंद करणारी गोष्ट म्हणजे पैसा. तो किती, याहून तो केव्हा हातात येतो, हा मुद्दा मोठा आहे.

पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. ती सरकारी पैशावर, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या पैशावर चालते. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी यांचे पदवीनंतरचे शिक्षण तिथे तीन वर्षांचे आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते. कागदावर काठीच्या मुलीला दार उघडे आहे. पण एका विषयाच्या वर्गात जागा दहा-बारा. केंद्राचे अनुसूचित जमातींसाठीचे आरक्षण साडेसात टक्के. बारा जागांवर हे गणित मांडले तर एक पूर्ण जागाही होत नाही.

फीचे काय? दर वर्षी दहा टक्क्यांनी होणाऱ्या फीवाढीविरुद्ध डिसेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या आणि कोलकात्याच्या सरकारी चित्रपट संस्थांतले विद्यार्थी उपोषणाला बसले. २०१३ च्या तुकडीला वर्षाला सुमारे ५५ हजार असलेली फी २०२० साठी सुमारे १ लाख १८ हजारांवर गेली, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. सात वर्षांत दुपटीहून जास्त! डोंगरउतारावरच्या शेतीचे उत्पन्न सात वर्षांत दुप्पट झाले का, हे विचारायला कोणी काठीला आले नाही. शिवाय शिक्षण तीन वर्षांत आटोपेलच, याचीही खात्री नाही. २००८ च्या तुकडीचे काम २०१५ मध्येही अपुरे होते. शहरातल्या सुखवस्तू घरातला मुलगा थांबू शकतो. जिच्यामागे लग्नाचा तगादा आहे ती कशी थांबणार?

यावर "शिष्यवृत्त्या आहेत ना!" हे उत्तर आपल्याकडे तयार असते. आहेत. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वयम् योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिचे वर्षाला साठ हजार ठरले. म्हणजे महिन्याला पाच हजारांत खोली, जेवण आणि वह्या-पुस्तके! तरी मी या योजनांना नावे ठेवणार नाही. त्या भांडून मिळवलेल्या आहेत आणि त्यांच्या आधाराने मुली शिकल्या आहेत. माझे म्हणणे वेगळे आहे. हा सगळा पैसा प्रवेशानंतरचा आहे. तोही कधी पहिले वर्ष सरत आले तरी हातात पडत नाही.

खर्च मात्र प्रवेशाच्या कितीतरी आधी सुरू होतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात-वैधता प्रमाणपत्र यांसाठी तालुक्याला आणि जिल्ह्याला खेपा. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते आणि जीपचे भाडे जाते. परीक्षेचे शुल्क, परीक्षेच्या शहराचा प्रवास, मुलाखतीसाठी मुक्काम. निवड झालीच तर ठराविक दिवसांत फी आणि अनामत. लॅपटॉप वेगळाच. ही रक्कम मुंबईच्या महोत्सवातल्या एका मेजवानीच्या खर्चाइतकीही नसेल. पण ती आधी लागते, रोख लागते, आणि ती देणारी एकही योजना माझ्या पाहण्यात नाही.

मग कर्ज? एका बँकेत मी एका मुलीबरोबर गेले होते. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "तारण काय?" साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते, असे बँकांचे सर्वसाधारण धोरण आहे. त्याखालीही चार लाखांच्या पुढे जामीनदार लागतो. मुलीच्या घरची जमीन वनहक्काची. २००६ च्या कायद्याने ती पती-पत्नी दोघांच्या नावावर होते, हा आपल्या चळवळीला अभिमान वाटावा असा भाग. ती वारशाने मिळते, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. आदिवासींची जमीन सावकाराने गिळू नये म्हणून हे बंधन हवेच. पण मग जी जमीन बँक तारण धरत नाही, तिच्या मालकिणीच्या मुलीची हमी सरकारने घ्यायला नको का?

परदेशी शिकायचे तर केंद्राच्या आदिवासी विभागाच्या शिष्यवृत्त्या सगळ्या देशाला मिळून वर्षाला वीस. त्यांत तीस टक्के मुलींना, म्हणजे सहा. अनुसूचित जाती, विमुक्त-भटके आणि भूमिहीन मजुरांच्या मुलांसाठी दुसरी परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या नियमांतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. याचा अर्थ सरळ आहे: शिका, पण स्वतःविषयी बोलू नका. सिनेमा हे तर बोलण्याचेच माध्यम आहे.

आपल्यातल्याही काही मैत्रिणी म्हणतात, "सुमित्रा भावे कुठे चित्रपट शाळेत गेल्या होत्या?" खरे आहे. पुण्यात 'स्त्रीवाणी'चे संशोधन करता करता त्यांनी १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला आणि पुढे मोठे काम उभे केले. पण त्यांच्यामागे समाजकार्याचे उच्च शिक्षण होते, शहर होते, संशोधनाचा प्रकल्प होता. त्या शाळेशिवाय शिकल्या, साधनांशिवाय नव्हे. "आता मोबाइलवरही सिनेमा होतो" असे म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलीला मोबाइल देऊन घरी बसवले आहे का? स्वतःच्या मुलीसाठी संस्था आणि आदिवासी मुलीसाठी मोबाइल, हा न्याय मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४.३८ टक्के, राज्यात सर्वांत कमी. कुपोषण आहे, स्थलांतर आहे. अशा ठिकाणी सिनेमाच्या शिक्षणाचे काय घेऊन बसलात? मला वाटते, अशाच ठिकाणी ते हवे. कारण आपले हाल कोण, कोणाला, कसे दाखवणार, हा सत्तेचा प्रश्न आहे. १९९३ साली बुडालेले मणिबेली याच तालुक्यातले. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी 'अ नर्मदा डायरी' (१९९५) मध्ये तो लढा नोंदवला म्हणून आज तो पाहता येतो. तो मित्रांचा कॅमेरा होता, आणि त्याचे ऋण आहेच. पण तीस वर्षांनंतरही मित्राच्याच कॅमेऱ्याची वाट पाहायची का? गोविंद निहलानींच्या 'आक्रोश' (१९८०) मध्ये आदिवासी लहान्या जवळजवळ सगळा वेळ गप्प असतो आणि त्याची बायको नागी मेलेली असते. त्या मौनाने तेव्हा शहरी प्रेक्षकाला हादरवले. नागीच्या नातीने मात्र बोलले पाहिजे, आणि तेही दुसऱ्याने लिहून दिलेले नव्हे.

स्त्री-चळवळीला हे नवे नाही. 'युगांतर' या बायांच्या चित्रपटगटाने पुण्याच्या घरकामगार बायांबरोबर 'मोलकरीण' (१९८१) केला आणि पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर चित्रपट केला. आपण ते वस्त्यांमधून दाखवले, त्यावर चर्चा घेतल्या. ज्या बायांवर चित्रपट झाला, त्यांच्या मुली-नातींना ती विद्या मिळावी ही पुढची पायरी आपण चढलो नाही.

शिष्यवृत्तीची दुसरी बाजूही पाहा. २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणारी पायल कपाडिया पुण्याच्याच संस्थेची विद्यार्थिनी. २०१५ च्या १३९ दिवसांच्या संपात ती होती, आणि त्यापायी तिची शिष्यवृत्ती गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. ती टिकली. जिची खाणावळच शिष्यवृत्तीवर चालते, तिने संपात उतरावे की गप्प बसावे? म्हणून हा पैसा हक्क म्हणून हवा, वर्तणुकीचे बक्षीस म्हणून नको.

तेव्हा मागण्या मांडते. आदिवासी मुलींना परीक्षा शुल्क नको. अर्ज ते प्रवेश हा सगळा खर्च आदिवासी विकास विभागाने आगाऊ द्यावा. परीक्षेचे केंद्र नंदुरबारला असावे, आणि मुलाखतीत मराठीत, भिलीत बोलू द्यावे. वनहक्कधारकांच्या मुलींच्या कर्जाला सरकारने हमी द्यावी. राज्ये ठरवले तर करू शकतात: केरळने २०१९ पासून महिला दिग्दर्शकांना एका चित्रपटासाठी दीड कोटीपर्यंत देण्याची योजना आणली. आपले राज्य निदान एका मुलीचे भाडे देऊ शकत नाही का?

काही गोष्टी सरकारवाचून होतील. काठीचा परिसर पेसा कायद्याखाली येतो. होळीत व्यावसायिक चित्रीकरण करणाऱ्यांकडून शुल्क घ्यावे आणि ते मुलींच्या शिक्षणासाठी राखून ठेवावे, हा ठराव गावातल्या बायांनी ग्रामसभेत मांडावा; बाहेरच्यांनी त्यांच्या पाठीशी राहावे. पुण्या-मुंबईच्या गटांनी परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या काळात मुलींना आपल्या घरी उतरवून घ्यावे. प्रत्येक गटाने वर्षाला एका मुलीचा प्रवेशाआधीचा खर्च उचलावा. परत मागू नये, तिने कोणता सिनेमा करावा हेही सांगू नये.

मैत्रिणींनो, तुमचा गट यातले काय करू शकेल ते पुढच्या अंकाच्या आत कळवा. सहानुभूतीची पत्रे नकोत. किती मुलींचे भाडे, किती दिवसांचा मुक्काम, एवढेच लिहा.