दोन तासांचं कुंग फू

कुंग फूच्या सिनेमांचा मी जुना वेडा. सगळ्यात आवडता १९७८चा हाँगकाँगचा 'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'. त्यात मारामारीपेक्षा सरावच जास्त. नायक हात ताणून पाण्याच्या बादल्या वाहतो. हात खाली आले की दंडाला बांधलेली पाती बरगड्यांना टोचतात. वर्षं जातात, तेव्हा कुठे तो लढायला उभा राहतो.

आणि आपल्याकडे? ८ मार्चला मुलींसाठी दोन तासांचं स्वसंरक्षण शिबिर, सत्कार, फोटो, बातमी. दुसऱ्या दिवशी मैदान रिकामं! एवढ्यावर पोरींना 'आता तुम्ही सक्षम' म्हणणं ही धोकादायक फसवणूक आहे. नगरपालिकेने शाळेचा एक हॉल रोज संध्याकाळी उघडावा, मानधनावर प्रशिक्षक नेमावा. वर्षभर सराव होऊ द्या. शाल-श्रीफळ नंतर बघू.