तुरीच्या पानाला स्टेपलर

मागे आमच्या इथे हैदराबादेत एका मंडळाने 'आपली माणसं' अशी यादी करायला घेतली. सरदार, वकील, कीर्तनकार, गवई सगळे आले. मी डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे नाव सुचवलं, तर समोरून प्रश्न, "हे कोण? कोणत्या नेन्यांपैकी?" झालं! म्हणून हे लिहितोय. मी कॉमर्सवाला, शेतीशास्त्रातलं मला कळतं असा दावा नाही. पण तुरीवरचं कर्ज मला चांगलं कळतं.

१९८० च्या सुमारास मी गुलबर्ग्याकडच्या एका शाखेत होतो. एक शेतकरी आला. सहा एकर तूर फुलावर आली आणि उभ्या उभ्या वाळली. मर रोग. मुदत वाढवून मागत होता. नियम असा की गावाची आणेवारी खाली आली तरच सवलत. शेजाऱ्यांची तूर बरी, म्हणजे गाव 'चांगलं'. मी अर्ज परत केला. कागदावर माझं काहीच चुकलं नाही. पुढच्या वर्षी बैलजोडी विकून त्याने खातं बंद केलं, आणि पावती पुढे करून म्हणाला, "साहेब, बरोबर आहे ना बघा." ते अजून टोचतं.

तेव्हा सुटीला घरी येताना बस पाटणचेरूवरून यायची. इक्रिसॅटचं लांबलचक कुंपण खिडकीतून दिसायचं. आत काय चालतं हे मी कधी विचारलं नाही. आत हे आपले ग्वाल्हेरचे नेने मुद्दाम आजारी शेतं तयार करत होते! रोगट झाडांचे अवशेष मातीत मिसळायचे, बुरशी जमिनीत मुरू द्यायची, आणि मग तिथेच हरभऱ्या-तुरीचे ढिगाने वाण पेरायचे. जो उभा राहील तो कामाचा. आम्ही बुडीत पार्टी टाळण्यात नोकरी घालवली, हा माणूस बुडीत जमीन हौसेने करत होता.

तुरीचा दुसरा वैरी वांझ रोग. झाड हिरवं, झुडपासारखं वाढतं, पण फूल नाही, शेंग नाही. तो पसरवणारा कोळी इतका बारीक की साध्या डोळ्यांना दिसत नाही. मग निरोगी झाडाला रोग लावून परीक्षा घ्यायची कशी? नेने आणि त्यांच्या सहकाऱ्याने रोगट पान निरोगी पानावर ठेवलं आणि चक्क स्टेपलर मारला. कोळी आपोआप इकडून तिकडे! आम्ही नोटांच्या बंडलांना जन्मभर स्टेपल मारले, २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावलं. त्याच वस्तूचा असा उपयोग कुणाला सुचला असता?

१९८६ साली मर रोगाला दाद न देणारा 'मारुती' वाण कर्नाटकात आला, १९९३ मध्ये दोन्ही रोगांना तोंड देणारा 'आशा'. हे एकट्याचं काम नव्हे, पैदासकार आणि कितीतरी हात त्यात होते. पण रोग ओळखायची आणि वाण पारखायची रीत बसली म्हणूनच हे झालं. माझ्या त्या शेतकऱ्याला मात्र सहा वर्षं उशीर झाला.

त्याआधी पंतनगरला असताना १९६६ मध्ये त्यांनी भाताच्या 'खैरा' रोगाचं मूळ शोधलं. पानं कातासारखी तांबूस पडायची. कारण निघालं जमिनीतल्या जस्ताची कमतरता. उपाय हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो विझवलेला चुना, पाण्यातून फवारायचा. गरिबाला परवडेल असा.

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी सिकंदराबादेत एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशन काढलं, सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची ऑक्सफर्डमधली पोथी मागवून भाषांतर करून घेतलं. मी निवृत्त झाल्यावर काय केलं हे सौ.ना विचारा.

२०१८ मध्ये ते गेले. मी एकाच शहरात राहून त्यांना कधी भेटलो नाही. आपल्या याद्यांत तलवार आणि तंबोरा भरपूर आहे. रोज ज्याचं वरण जेवतो त्या तुरीला वाचवणाऱ्यांना एक ओळ नसावी, हे मला पटत नाही. नाव मी मंडळाकडे पुन्हा पाठवलंय, या वेळी लेखी. ग्वाल्हेरच्या मंडळींपैकी कुणाच्या घरात त्यांच्या आठवणी असतील तर जरूर लिहा, सोबत जोडतो.