गंगेच्या गाळातील पालाशाचा आटता साठा

कोलकात्याच्या भोवतालची गाळाची जमीन पालाशाने संपन्न मानली जाते. आता ही ख्यातीच शेतीला अडचणीची ठरू लागली आहे. या मातीतील इलाइट या अभ्रकवर्गीय खनिजाच्या थरांमध्ये पालाश अडकलेला असतो. मुळांनी पाण्यात विरघळलेला पालाश शोषला, की मातीच्या कणांवर धरलेला पालाश त्याची जागा घेतो. तोही उणावला, की खनिजाच्या थरांतून तो सावकाश सुटतो. त्यामुळे खत न घालताही पीक येते आणि झीज डोळ्यांना दिसत नाही. भाताने उचललेल्या पालाशाचा बहुतांश भाग पेंढ्यात असतो आणि पेंढा तर चाऱ्यासाठी शेताबाहेर जातो.

भारत पालाशासाठी मुख्यतः आयातीवर अवलंबून आहे. २०१० मध्ये पोषणद्रव्याधारित अनुदान लागू झाले, मात्र युरिया त्यातून वगळण्यात आला. पालाश महागला, युरिया स्वस्त राहिला. शेतकऱ्याने पालाशाला कात्री लावली, यात नवल ते काय?

२०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका दिल्या जात आहेत. परंतु नेहमीच्या परीक्षणात कणांवरील सुटा पालाशच मोजला जातो. आतला साठा तो भरून काढत असेपर्यंत पत्रिकेवरील आकडा फारसा हलत नाही.