तिजोरीची किल्ली कोणाच्या ड्रॉवरमध्ये?

बर्मिंगहॅम महापालिकेने एप्रिल २०२२ मध्ये वीसहून अधिक वर्षे वापरातली संगणकप्रणाली बंद केली आणि ओरॅकलची नवी सुरू केली. त्यानंतर बँकेत आलेला पैसा कोणत्या खात्याचा, याचा मेळ लागेना. हिशेब जुळवायला माणसे बसवावी लागली. सुमारे दोन कोटी पौंडांत व्हायचे काम दहा कोटींच्या पुढे गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये पालिकेने अत्यावश्यक सेवा सोडून नवा खर्च थांबवल्याची कायदेशीर नोटीस काढली. समान वेतनाचे थकलेले दावे हे त्यामागचे मोठे कारण होते. पण आपल्या गाठीशी नेमके किती पैसे आहेत हेच जिला धड सांगता येत नाही, ती संस्था असले ओझे पेलणार कशी?

कॅनडाची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘फिनिक्स’ ही पगाराची प्रणाली आणली. ती येण्याआधीच, पगाराचे नियम कोळून प्यायलेल्या सुमारे १२०० जाणकारांची खात्याखात्यांतली पदे रद्द झाली. त्यांच्या जागी मिरामिशी या छोट्या शहरात एक केंद्र काढून निम्म्याहून कमी माणसे नेमली गेली. प्रायोगिक चाचणीही रद्द केली. मग कोणाला जास्त पगार, कोणाला कमी, कोणाला काहीच नाही. यंत्र आले म्हणून जाणकार माणूस नको, हा हिशेब त्या देशाला फार महाग पडला.

महाराष्ट्रात आज राज्य कर्मचाऱ्यांचा पगार ‘सेवार्थ’मधून निघतो, शिक्षकांचा ‘शालार्थ’मधून. अनुदानाचे वाटप ‘बीम्स’वर होते, ग्रामपंचायतींना मिळणारा वित्त आयोगाचा निधी ‘ई-ग्रामस्वराज’वरून खर्ची पडतो, मुंबई महापालिकेच्या हिशेबाचा गाडा ‘सॅप’वर चालतो. सारी सार्वजनिक तिजोरी प्रणालींमध्ये गेली आहे. त्या प्रणाली आतून कशा चालतात, हे प्रशासनातल्या माणसांना शिकवले मात्र जात नाही. आम्हाला धोक्याची घंटा वाजवायची आहे ती यासाठी.

ग्रामपंचायतीतले एक बिल घ्या. ऑनलाइन पैसे अदा करताना एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, अशी रचना आहे. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) मेकर म्हणजे नोंद करणारा, सरपंच चेकर म्हणजे तपासणारा. दोघांची डिजिटल स्वाक्षरी वेगळी, दोघांचे डोंगल वेगळे. एका माणसाच्या हाती तिजोरी जाऊ नये म्हणून हे दोन टप्पे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दोन्ही डोंगल ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्राच्या चालकाच्या ड्रॉवरमध्ये असतात आणि पासवर्ड त्याच्या वहीत. केंद्रचालक बहुधा प्रामाणिक असतो, तुटपुंज्या मानधनावर राबत असतो. पण ज्या क्षणी दोन्ही स्वाक्षऱ्या एका हातात गेल्या त्या क्षणी तपासणी संपली, हे सरपंचांना कोणी सांगितलेलेच नसते. ‘इथे क्लिक करा, मग तिथे क्लिक करा’ एवढेच त्यांचे प्रशिक्षण.

तपासणी ढिली पडली की काय होते? २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडींवर पगार काढल्याचे प्रकरण उघडकीस आले. प्रणालीत नाव चढले की पगार निघतो. ते नाव संचमान्यतेशी (शाळेला मंजूर झालेल्या पदांशी), नेमणुकीच्या आदेशाशी जुळते का, हे माणसानेच पाहायचे असते, आणि पाहणाऱ्याला कोणता अहवाल काढायचा व कोणत्या रकान्यावर बोट ठेवायचे हे कळायला हवे. गुन्हेगार गुन्हा करणारच. आमचा सवाल पहारेकऱ्यांच्या तयारीचा आहे.

ती तयारी कुठे होते? लोकप्रशासनाच्या पदवीवर्गात वेबरची नोकरशाही आणि गुलिकचे ‘पोस्डकॉर्ब’ पाठ होते. ते शिकवायलाच हवे. पण अर्थसंकल्पाच्या प्रणालीचा एकही पडदा न पाहता विद्यार्थी पदव्युत्तर पदवीही मिळवतो. सरकारी नोकरीत एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र पुढे केले की संगणकाचा विषय संपतो. ईआरपी, म्हणजे संस्थेचे सारे व्यवहार एकत्र चालवणारी प्रणाली, शिकवली जाते ती व्यवस्थापनाच्या नि अभियांत्रिकीच्या वर्गात, आणि तिथे सॅपच्या अभ्यासक्रमातले उदाहरण असते ‘ग्लोबल बाइक’ या काल्पनिक सायकल कंपनीचे. सायकल कंपनीला मागणी आली की माल घेता येतो. सरकारी कचेरीला आधी लेखाशीर्ष लागते, त्यात तरतूद लागते, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, मोजमाप पुस्तिका, मग बिल. अखर्चित निधी ३१ मार्चला व्यपगत होतो. ही साखळी ठाऊक नसलेला तंत्रज्ञ प्रणाली बांधतो आणि प्रणाली न कळणारा अधिकारी ती स्वीकारतो. मधली पोकळी कंत्राटदार भरतो. पुढे साधा अहवाल हवा असला तरी त्याच्याच दारात उभे राहावे लागते.

शिकवायचे म्हणजे काय, तर वर्गात एक खोटी नगरपालिका चालवायची. विद्यार्थ्यांनी तिचा अर्थसंकल्प भरायचा, रस्त्याचे एक काम निविदेपासून अंतिम बिलापर्यंत न्यायचे. शिक्षकाने मुद्दाम एक बिल चुकीच्या लेखाशीर्षात टाकावे, एक दोनदा काढावे, आणि कोणत्या आयडीने किती वाजता काय बदलले याच्या नोंदींवरून मुलांनी ते हुडकून काढावे. निवृत्त लेखाधिकाऱ्यांइतके चांगले शिक्षक या कामाला मिळणार नाहीत. लेखाआक्षेप कुठे दडतो हे त्यांना वासावरून कळते. पैशांची सबबही चालणार नाही. मुंबईत घडलेली ‘ईआरपीनेक्स्ट’ मुक्तस्रोत आहे, नगरपालिकांसाठीची बंगळूरच्या ईगव्ह फाउंडेशनची ‘डिजिट’ही तशीच. सरावापुरती प्रत उभी करायला कॉलेजची संगणक प्रयोगशाळा पुरते.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे विद्यापीठांचे अभ्यासक्रम बदलत आहेत. अभ्यास मंडळांनी हा विषय प्रात्यक्षिकासह सक्तीचा करावा. ‘यशदा’ या राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेने नव्या अधिकाऱ्यांच्या पायाभूत प्रशिक्षणात त्याला दिवस द्यावेत, तासभराचे सादरीकरण नव्हे. आणि शासनाने यापुढच्या प्रत्येक प्रणालीच्या करारात एक अट घालावी: वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी सरावाच्या प्रतीवर एक पूर्ण आर्थिक वर्ष चालवून दाखवल्याशिवाय जुनी प्रणाली बंद होणार नाही आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ताही निघणार नाही.